राणीने शपथ मानली

६ जानेवारी २०१९, रविवार

लंगडी राणी! इतक्या बाहुल्यांतून नेमकी तीच!

मैत्रिणीकडे, मारी-झानकडे, केक कापायला जमलो होतो. इतर गावांत राजांच्या केकमध्ये चिनीमातीची एकच बाहुली असते, ज्याला सापडेल तो त्या दिवसाचा राजा. आमच्या व्हेर्नॉयमध्ये झान नावाच्या बायकांचा केक वेगळा. त्यात इतिहासातल्या सगळ्या नामांकित झान घातलेल्या असतात. जिच्या तुकड्यात जी निघेल, ती झान तिने मे महिन्याच्या मिरवणुकीत व्हायचं. तक्रार चालत नाही.

औषधांच्या दुकानातली झान सगळ्यांत लहान, म्हणून रिवाजाप्रमाणे टेबलाखाली बसून, न बघता, कुठला तुकडा कुणाला ते तीच ओरडत होती— "हा पोस्टातल्या झानला! हा खाटकाच्या झानला!" माझ्या तुकड्याशी गाडी अडली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी 'रेजिसची झान' होते. आता रेजिस सांद्रिनबरोबर राहतो, मग मला काय म्हणायचं? बिचारी टेबलाखाली घुटमळली. शेवटी म्हणाली, "हा... गुरांच्या दवाखान्यातल्या झानला."

दाताला लागलं. बाहेर काढली— निळा झगा, एक खांदा वर, एक खाली. राजाची मुलगी, राजाची बायको, आणि नवरा गादीवर बसल्याबरोबर टाकून दिलेली. कुणी काटा उचलेना.

मारी-झान म्हणाली, "अगं, बदल हवं तर! माझी कुऱ्हाडवाली घे."

"राहू दे. मला शोभेल," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. जरा जास्तच हसल्या.

काय एकेक बायका आमच्या नावाच्या! एक चिलखत चढवून राजाला मुकुट मिळवून देते, आणि राजा तिला जळू देतो. एक कुऱ्हाड घेऊन तटावर चढते आणि शत्रूचा झेंडा हिसकावते. एकीच्या नवऱ्याचं मुंडकं उडवलं, तर ती घरदार विकून काळी जहाजं घेते आणि समुद्रावर राजाची माणसं कापत सुटते. एक पुरुषाच्या वेषात जगाची फेरी मारते, तीसुद्धा एका शास्त्रज्ञाचे झाडपाल्याचे पेटारे उचलत. एक राजाची ठेवलेली, मरताना जल्लादाला म्हणते, जरा थांबा ना. आणि आर्लची म्हातारी! तिने काय केलं, तर एकशेबावीस वर्षं मेली नाही. ती पोस्टातल्या झानला मिळाली. खूश आहे, खुर्चीतून मिरवतील.

माझी मात्र लंगडते आणि माफ करते.

७ जानेवारी

दवाखान्यात दिवसभर शेळ्यांच्या सोनोग्राफीचे फोन. सगळ्यांच्या शेळ्या गाभण. अभिनंदन!

२२ जानेवारी

बूर्जहून पत्र. आर्चबिशपांच्या न्यायालयाचं. रेजिसने अर्ज केलाय— आमचं लग्न झालंच नव्हतं असं चर्चने जाहीर करावं.

घटस्फोट झालाय ना! सह्या केल्या, टेबल-खुर्च्या वाटून घेतल्या, कुत्रा त्याने नेला. सरकारचं समाधान झालं. चर्च घटस्फोट मानत नाही, म्हणून आता देवाचंही करायचं आहे. सांद्रिन दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारी, तिला चर्चमध्येच लग्न हवं. पांढरा झगा घालून!

एकतीस वर्षं. मग मी राहत कुणाबरोबर होते? भाडेकरूबरोबर?

फोन केला. म्हणाला, "झान, ही नुसती प्रक्रिया असते. मनाला लावून घेऊ नकोस."

"तुझे मोजे धुतले तीही प्रक्रियाच का रे?" असं म्हणून ठेवून दिला. मग दहा उत्तरं सुचली, सगळी त्याहून चांगली.

४ फेब्रुवारी

आज राणीचा सण. १९५० साली तिला संत केलं. टाकल्यानंतर साडेचारशे वर्षांनी! इतकी घाई कशाला?

वाचनालयातून तिच्यावरचं पुस्तक आणलं. बापानेच तिला पुढे राजा होणाऱ्या चुलतभावाच्या गळ्यात बांधली. पोरगी वाकडी, हिला मुलं होणार नाहीत हे ठाऊक असून. वर विनोद केला, यांना मुलं पोसायचा फारसा खर्च येणार नाही! बापाचं हे काळीज.

नवरा राजा झाला आणि खटला भरला— हे लग्न नव्हतंच, मी हिला कधी हात लावला नाही. ती म्हणाली, लावलाय. मग म्हणे, बाईला तपासू या. तिने साफ नकार दिला. शाबास! पण पुढे काय केलं? म्हणाली, राजाने शपथ घेऊन सांगावं, मी मानीन. त्याने बायबलवर हात ठेवला आणि घेतली शपथ. हिने मानली. संपलं. तो दुसरीशी लग्न लावून मोकळा, आणि ही इथे आमच्या बूर्जला येऊन गोरगरिबांची सेवा करत बसली.

मूर्ख बाई! ज्याला सुटायचंय त्याच्याच शपथेवर सोडलं सगळं.

मी नाही सोडणार.

१२ मार्च

बूर्जला जाऊन आले.

छोटी खोली. हीटर चालू, पण गरम न होणारा. फादर ओब्रे म्हणजे न्यायाधीश, माझ्या भाच्याच्या वयाचे, सर्दीने बेजार. मी उत्तरं पाठ करून गेले होते. लग्न झालं, सगळ्या गावाने पाहिलं, बोटावर अंगठीचा वण अजून आहे, हा बघा.

"मादाम, लग्न लागलं हे कुणी नाकारत नाही," फादर म्हणाले. "तुमच्या यजमानांचं म्हणणं आहे की त्यांना मूल कधीच नको होतं. वेदीसमोर उभे राहिले तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं होतं. असं ठरवून जो उभा राहतो त्याचं लग्न चर्च लग्न मानत नाही."

"मूल नको होतं?"

"असं ते म्हणतात."

"पण आम्ही वाट पाहत होतो!"

"तुम्ही पाहत होतात, मादाम. त्यांचं म्हणणं, त्यांनी काळजी घेतली."

काळजी घेतली! हाच शब्द. शिंकून नाक पुसत सांगितला त्यांनी. फादरनी घाईने रुमाल पुढे केला, मग तो वापरलेला आहे हे लक्षात येऊन मागे घेतला. पुन्हा बोलावतो म्हणाले. तोवर विचार करून ठेवा, शपथेवर सांगावं लागेल— त्यांना मूल हवं होतं की नव्हतं.

१३ मार्च

कामाला गेले नाही. दोष माझ्यात नव्हता. दोष माझ्यात नव्हता. लिहून बघितलं कसं दिसतं ते.

१७ मार्च

सगळं नव्याने आठवतंय, आणि आता सगळं जुळतंय.

डॉक्टर म्हणाले होते, तुमच्यात काही सापडत नाही, यजमानांना पाठवा. रेजिस गेला नाही. "मला काय झालंय? बैलासारखा आहे मी," म्हणाला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवसांना लाल गोल करायची. आणि नेमकं त्या दिवसांत याला ट्रॅक्टर विकायला कुठेतरी जावं लागायचं. लिमोजला प्रदर्शन, तूरला गिऱ्हाईक. मी डबा भरून द्यायची! सॅंडविच, त्यात शेळीचं चीज, वर अक्रोड, त्याला आवडतात म्हणून.

आणि दगडाचा संत. दोन गावं पलीकडच्या चर्चमध्ये, खांबाआड. ज्यांना मूल होत नाही त्या बायका त्याचं पोट खरवडायच्या आणि ती भुकटी पांढऱ्या वाइनमधून प्यायच्या. जुनी गोष्ट, आता कुणी करत नाही. सासूबाई मला घेऊन गेल्या. ओदेत सासूबाई, इतक्या नीटनेटक्या, कधी डाग न पडणाऱ्या! पर्समधून नखं घासायची कानस काढली आणि म्हणाल्या, "पोरी, मी दाराशी उभी राहते. पटकन कर." मी खरवडत होते आणि त्या दाराशी खोकत होत्या, कुणी आलं तर कळावं म्हणून. दरवर्षी जायचो. संताचं पोट आत गेलं आमच्यामुळे. माझं काही पुढे आलं नाही.

एवढं दगड पोटात घातलं. आणि हा काळजी घेत होता.

घटस्फोटानंतरही मी दर रविवारी सासूबाईंकडे जाते. त्यांचा मुलगा गेला म्हणून त्या थोड्याच जातात, असं म्हणायची मी. त्यांना हे माहीत होतं का? विचारायचं धाडस होत नाही.

२१ एप्रिल, इस्टर

विचारलं.

मांसाची भाकरी घेऊन गेले होते, आत सबंध अंडं घालून करतात ती. त्या कापत होत्या. मी म्हटलं, "आई, रेजिसला मूल नको होतं हे तुम्हाला ठाऊक होतं?"

सुरी थांबली. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

"होतं. लग्नाआधीच बोलला होता मला. फादरनाही मी हेच सांगितलंय."

"आणि तरी मला त्या दगडाकडे नेत होतात?"

"वाटलं, देव त्याचं मन वळवेल."

"मग त्याला पाजायचा होतात ना दगड! मला का पाजलात?"

सुरी पुन्हा चालू. बारीक बारीक काप, त्यांचे हात हल्ली कापतात. मग म्हणाल्या, "अंड्याचा तुकडा तू घे. मधला." जणू काही मी चार वर्षांची आहे आणि रुसले आहे!

कोट घेतला आणि निघाले. ताटलीसुद्धा तिथेच राहिली, माझ्या आईची ताटली. राहू दे. आता त्या घरात पाय ठेवणार नाही.

३० एप्रिल

उद्या नाही परवा साक्ष. दोन दिवस एकच चाललंय डोक्यात.

खरं सांगितलं, त्याला मूल नको होतं म्हणून, की तो सुटला. पांढरा झगा, ऑर्गन, फुलं, सगळं मिळालं त्याला.

खोटं सांगितलं की अडकला! फक्त म्हणायचं, नाही हो फादर, रेजिस मुलासाठी रडायचा, माझ्यातच खोट होती. एक वाक्य. सांद्रिन जन्मभर बिनलग्नाची पुढच्या बाकावर बसेल.

पण ते वाक्य मला माझ्याच तोंडाने म्हणायचंय. सगळं गाव इतकी वर्षं जे माझ्या पाठीमागे म्हणत होतं तेच. बायका बारशाला बोलवायच्या आणि बाळ माझ्या हातात देताना जरा घाबरायच्या. खाटकाची झान तर एकदा म्हणाली होती, "तुझं बरंय बाई, कंबर तशीच राहिली." ते सगळं खरं होतं, असं शपथेवर सांगायचं? आत्ता कुठे सुटले मी त्यातून!

मारी-झानला सांगितलं. ती म्हणाली, "अडकव मेल्याला! मी असते तर अडकवला असता." तिला तीन मुलं आहेत. तिला काय कळतं?

२ मे

खरं सांगितलं. कॅलेंडर, लिमोज, तूर, डॉक्टरकडे न जाणं, सगळं. फादर लिहून घेत होते, सर्दी बरी झालेली.

शेवटी म्हणाले, "म्हणजे तुम्ही स्वतः त्यांच्या तोंडून तसं कधी ऐकलं नाहीत. पण त्यांनी शपथेवर जे सांगितलंय ते तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे," मी म्हटलं.

जिन्यावरून उतरताना हलकं वाटत होतं. त्याला बक्षीस देऊन आले तरी! स्टेशनवर उभ्याने कॉफी प्यायले, दोन कप.

१९ मे

मिरवणुकीची तालीम. मारी-झान मला लंगडायला शिकवते. "अजून! अजून थोडं! अगं, दया आली पाहिजे लोकांना!"

दयेचा तुटवडा कधी होता मला?

२६ मे, रविवार

मिरवणूक. यंदाही मातृदिनाच्याच दिवशी, मे महिन्याचा शेवटचा रविवार ठरलेलाच. पोरं आयांना फुलं देतात, आया ती फुलं घेऊन आम्हाला बघायला येतात.

नेहमीप्रमाणे पुढे झान आणि मागे गावातले पुरुष, आमच्या पर्स आणि स्वेटर सांभाळत. वर्षातून एक दिवस! मेयरच्या खांद्याला गुलाबी पर्स. आर्लची म्हातारी म्हणजे पोस्टातली झान खुर्चीतून सगळ्यांना हात करत होती आणि ओरडत होती, "तुम्ही मराल, मी नाही!" चिलखतवाली उन्हाने घामाघूम. माझ्यामागे काळ्या जहाजांची झान, ती आमच्या डॉक्टरीणबाई, माझ्या झग्यावर सारखा पाय देत होत्या.

बेकरीच्या कोपऱ्यावर रेजिस. बाजूला सांद्रिन, निळ्या फुलांचा फ्रॉक. मी लंगडत होते, मारी-झानने शिकवल्याप्रमाणे. त्याच्यासमोर आले आणि थांबले. मागून जहाजांची झान येऊन आदळली, तिच्यामागे कुऱ्हाडवाली, सगळी रांग एकमेकींवर. बँड वाजतच राहिला.

"शपथ घेतलीस ना रे?" मी विचारलं.

"घेतली," म्हणाला. डोळे भरून आले त्याचे! एकतीस वर्षांत मी त्याला आईच्या दुखण्यातसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. सांद्रिनने त्याचा दंड धरला.

लाज वाटली असेल. वाटू दे. वाटायलाच हवी.

तिथून पुढे मी सरळ चालले. मारी-झान ओरडत होती, "पाय! अगं पाय!" ताठ चालले, चर्चच्या दारापर्यंत. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

१४ जुलै

राष्ट्रीय दिनाची आतषबाजी. नाही गेले. कुत्र्याची आठवण आली, तो घाबरायचा.

८ सप्टेंबर

गावाला सगळं कळलंय. मी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे मारी-झानला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना सांगितलं.

वारं फिरलंय! रेजिस कॅफेत गेला तर लोक ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर जातात म्हणे. आणि मला? खाटकाच्या झानने सॉसेजचा एक जास्तीचा तुकडा कागदात बांधला. बारशाचं आमंत्रण आलं, औषधांच्या दुकानातल्या झानच्या बहिणीचं. बाळ माझ्या हातात दिलं आणि कुणी घाबरलं नाही. जड होतं. मानेला दुधाचा वास. मी बराच वेळ दिलं नाही परत, कुणी मागितलंही नाही.

मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. त्याच्यावरचा राग आता कमी होईल असं वाटलं होतं. वाढलाय. हे बाळ माझं असू शकलं असतं, आता तर आजी झाले असते!

१७ ऑक्टोबर

निकाल आला. लग्न झालंच नव्हतं. अपील करायचं असेल तर पंधरा दिवस मुदत.

अपील कोण करतंय! शिक्का बसलाय— मूल नव्हतं ते त्याच्यामुळे. पत्र घडी करून आरशाच्या कडेला खोचलं, येता-जाता दिसावं म्हणून. कुणाची नव्हतेच मी कधी, तर नव्हते.

२७ ऑक्टोबर, रविवार

सासूबाईंचा निरोप आला, तब्येत बरी नाही, ये. गेले, इस्टरनंतर पहिल्यांदा. माझ्या आईची ताटली टेबलावर धुऊन ठेवली होती.

बसायच्या आतच रडायला लागल्या. खोटं बोलले म्हणाल्या, तुझ्याशी आणि फादरशीही. रेजिसला मूल हवं होतं. फार हवं होतं. मला न सांगता ऑर्लेआँला जाऊन स्वतःची तपासणी करून आला होता, त्याच्यात काही दोष निघाला नाही. मला लागेल म्हणून घरी येऊन म्हणाला, मी जाणार नाही डॉक्टरकडे. पुढे लग्न रद्द करायला चर्चला देण्याजोगं दुसरं कारण सापडेना, म्हणून मायलेकांनी मिळून हे ठरवलं. "असं बिनलग्नाचं राहणाऱ्याला चर्चमध्ये प्रसाद देत नाहीत. माझ्या अंत्यविधीला माझ्या पोराला तो मिळावा, एवढंच हवं होतं मला. पण आता सोसत नाही गं, पोरी. उद्या फादरना खरं सांगून टाकते. मुदत आहे अजून."

म्हणजे मीच. आणि त्या कानस घेऊन दाराशी खऱ्या मनानेच उभ्या होत्या.

राजाने शपथ घेतली, राणीने मानली. मूर्ख म्हणाले होते मी तिला.

त्यांचे डोळे पुसले. हात हातात घेतला.

म्हटलं, "आई, नका सांगू."